खोट्या गाडीचे खरे काटे

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. पोराला विमान चालवण्याचं वेड. पण शिकवणीचे दर ऐकूनच घाम फुटावा असे. मग त्याने कारखान्यातलेच भाते आणि हवेच्या नळ्या जोडून 1929 च्या सुमारास एक ठेंगणं विमान उभं केलं. ते जमीन सोडत नसे, पण दांडी हलवली की डुलायचं, वळायचं, नाक वर-खाली करायचं. पहिली गिऱ्हाइकं मिळाली ती करमणुकीच्या बागांची. 1934 साली अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं, ढगांत नुसत्या मीटरांवर विसंबून उडायची सवय नसलेले वैमानिक पटापट अपघातांत गेले आणि मग लष्कराने दर नग 3500 डॉलर मोजून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात ही यंत्रं हजारोंनी बनली.

ही हकीकत नेहमी आत बसलेल्या वैमानिकाच्या बाजूने सांगतात. मला रस आहे तो बाहेर बसलेल्या मास्तरच्या टेबलात. त्या टेबलावर वैमानिकासमोर असलेल्या तबकड्यांची दुसरी प्रत असे आणि नकाशावरून एक तीनचाकी यंत्र सरपटत असे. त्याला ‘क्रॅब’, म्हणजे खेकडा, म्हणत. त्याच्या एका चाकाला शाई लावलेली. आतलं विमान वळलं की खेकडा वळायचा आणि मागे रेघ सोडायचा. कुठेही न गेलेल्या विमानाचा मार्ग खऱ्या कागदावर खऱ्या शाईने! संगणकावरच्या गेममधला वेग, गिअर, इंधन बाहेर काढून घरच्या टेबलावर खऱ्या काट्याने दाखवणारे हौशी कारागीर आज जगभर आहेत. त्यांच्या खटपटीचा मूळपुरुष मी या खेकड्यालाच मानतो.

मधली पन्नासेक वर्षं अशी यंत्रं लष्कराच्या आणि विमान कंपन्यांच्याच आवाक्यातली होती. 1982 साली ब्रूस आर्टविक यांनी घडवलेला ‘फ्लाइट सिम्युलेटर’ मायक्रोसॉफ्टने आयबीएमच्या पीसीसाठी आणला आणि विमान घरच्या पीसीवर आलं. गंमत अशी, की त्याच वर्षी बोइंग 767 प्रवाशांना घेऊन उडू लागलं, आणि त्याच्या वैमानिकांसमोरच्या काही मुख्य तबकड्यांची जागा पडद्यांनी घेतली होती. खऱ्या विमानातले काटे पडद्यावर चालले होते; खेळातले काटे मुळात पडद्यावरच होते आणि हौशी मंडळींना ते तिथून खाली उतरवायचे होते. पुढे ती भंगारात निघालेल्या विमानांच्या तबकड्या विकत घेऊ लागली, ती उगाच नाही.

अडचण काट्याची नव्हतीच. आकडा मिळवायचा कसा, ही अडचण होती. गेम आपला हिशेब स्मृतीत ठेवतो आणि पडद्यावर चित्र काढून मोकळा होतो. ‘आत्ता वेग किती’ हे तो बाहेरच्या कुणाला सांगत नाही. म्हणून लोकांनी स्मृतीतच खणायला सुरुवात केली. कुठल्या घरात वेग आहे, कुठे उंची, कुठे चाकं खाली आहेत की वर, याच्या याद्या तयार झाल्या. या धडपडीतून ‘एफएसयूआयपीसी’ हे पीटर डाउसन यांचं साधन उभं राहिलं. त्याच्या यादीत 02बीसी या पत्त्यावर विमानाचा वेग नॉटमध्ये, पण 128 ने गुणून ठेवलेला सापडतो. आलेल्या आकड्याला 128 ने भागलं की काटा कुठे न्यायचा ते कळतं. मायक्रोसॉफ्टने ‘फ्लाइट सिम्युलेटर’च्या 2006 च्या आवृत्तीत बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी अधिकृत दार काढलं, आतली रचना पार बदलली, तरी डाउसन यांनी जुने पत्ते तसेच चालू ठेवले. घर पाडून नवं बांधावं आणि पोस्टमनला पत्ता मात्र जुनाच चालावा, तसं. त्यामुळे लोकांनी आधी बनवलेली पॅनेल फुकट गेली नाहीत.

मोटारींच्या खेळात ‘लाइव्ह फॉर स्पीड’ या छोट्या चमूच्या गेमने खणायची वेळच ठेवली नाही. त्याने ‘आउटगेज’ नावाची सोय दिली. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पत्ता, पोर्ट आणि किती शतांश सेकंदांनी माहिती पाठवायची ते लिहायचं. गेम तेवढ्या अंतराने एक छोटं पाकीट बाहेर फेकत राहतो. त्यात इंजिनाचे फेरे, इंधन, इंजिनाचं तापमान, गिअर. वेग मीटर दर सेकंद असतो, म्हणून 3.6 ने गुणायचं. गिअरमध्ये 0 म्हणजे रिव्हर्स, 1 म्हणजे न्यूट्रल, 2 म्हणजे पहिला. हे न वाचता तारा जोडणाऱ्याची गाडी कायम एक गिअर पुढे दिसते. पाकीट यूडीपीने जातं, म्हणजे पोचल्याची पावती नाही आणि हरवलं तर पुन्हा पाठवणं नाही. काट्याला हेच सोयीचं. मघाचा वेग आत्ता कळून करायचं काय? पुढे ‘बीमएनजी’सारख्या दुसऱ्या गेमनेही हीच पद्धत उचलली.

आकडा बाहेर आला, पण तारेपर्यंत पोचवणारं स्वस्त यंत्र हवं होतं. ते 2005 मध्ये इटलीतल्या इव्हरेआ गावात जन्मलं. मासिमो बांझी आणि सहकाऱ्यांनी इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या या बोर्डाला गावातल्या बारचं नाव दिलं, आर्डुइनो. यूएसबीची वायर लावा, चार ओळी लिहा, मोटर फिरते. सुरुवातीचे लोक सर्व्हो मोटरला पुठ्ठ्याचा काटा चिकटवत. ती करकरते आणि साधारण 180 अंशांत फिरते. मग कुणीतरी खऱ्या गाडीच्या मीटरमध्ये काय असतं ते उघडून पाहिलं. तिथे सुपारीएवढी स्टेपर मोटर निघाली. तिच्यातली एक्स 27 ही जात 315 अंश फिरते आणि इतका कमी विद्युतप्रवाह घेते, की आर्डुइनोच्या पिनांना थेट जोडता येते. या मोटरला आपण कुठे उभे आहोत हे कळत नाही. म्हणून सुरू होताना प्रोग्रॅम काटा मागे नेऊन शून्याच्या अडसराला टेकवतो आणि तिथून मोजू लागतो.

यापुढची पायरी म्हणजे भंगारातून आख्खा डॅशबोर्डच उचलणं. नव्या गाड्यांत मीटरला आकडे बॉशने 1986 मध्ये जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ या दोन तारांच्या जाळ्यातून येतात. आर्डुइनो त्या तारांवर इंजिनाचं सोंग घेऊन बोलतो आणि बीएमडब्ल्यूचा किंवा फोक्सवॅगनचा मीटर त्यावर विश्वास ठेवतो. पुरता नाही! एअरबॅग कुठे आहे, ब्रेकचा संगणक कुठे आहे, असं तो लाल-पिवळे दिवे लावून विचारत राहतो. ते विझवण्यासाठी प्रत्येक हरवलेल्या भागाचं सोंग वेगळं घ्यावं लागतं, आणि माझ्या मते या कारागिरीतला सगळ्यात चिवट भाग हाच.

कंपन्यांनीही मधूनमधून हात मारून पाहिला. सेगाच्या ड्रीमकास्टच्या मेमरी कार्डावर 48 गुणिले 32 ठिपक्यांचा पडदा होता, लॉजिटेकच्या जी15 कीबोर्डवर 160 गुणिले 43 चा. दोन्ही मागे पडले. पडद्याशेजारी आणखी एक पडदा, त्यात काय मोठंसं! काटा टिकला, कारण तो डोळ्याच्या कोपऱ्यातूनही वाचता येतो.

आता सिमहब, मोबीफ्लाइट असे तयार प्रोग्रॅम आहेत, त्यामुळे फारसा कोड न लिहिताही काम होतं. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतील. भंगारवाल्याकडून मीटर घेताना मात्र तो उलटा करून पाहा. मागे केबल अडकवायचं भोक असेल, जसं जुन्या मारुती 800 ला असतं, तर त्या स्पीडोमीटरला वायरमधून आलेला आकडा कळत नाही. त्याची केबल फिरवायला वेगळी मोटर लावावी लागेल. पहिल्या प्रयोगाला वायरवर चालणारा मीटर घ्या.