रिंग ऑफ फायर (ऑन्टारियो)

रिंग ऑफ फायर हा कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या अतिउत्तर भागातील खनिजसमृद्ध प्रदेश आहे. जेम्स उपसागराच्या पश्चिमेकडील सखल, दलदलीच्या मुलखात, थंडर बे शहराच्या ईशान्येस सुमारे ५०० कि.मी. अंतरावर तो वसला आहे. येथे क्रोमाइट, निकेल, तांबे, प्लॅटिनम आणि पॅलेडियम यांचे साठे आढळले आहेत. या प्रदेशाला बारमाही रस्ता, लोहमार्ग किंवा मुख्य वीजवाहिनी यांपैकी काहीही जोडलेले नाही. हा खर्च सार्वजनिक निधीतून करावा काय, करावयाचा झाल्यास प्रांताने करावा की संघराज्याने, आणि तेथील मूलनिवासी समाजांच्या संमतीचे स्थान काय, या प्रश्नांवर २०१० पासून कॅनडाच्या राजकारणात वाद सुरू आहे.

प्रशांत महासागराभोवतीच्या ज्वालामुखींच्या पट्ट्याशी या नावाचा संबंध नाही. नोरॉन्ट रिसोर्सेस या कंपनीचे संस्थापक रिचर्ड नेमिस यांनी जॉनी कॅश या अमेरिकन गायकाच्या प्रसिद्ध गीतावरून हे नाव दिले.

प्रदेश आणि रहिवासी

खनिजांचा हा चंद्रकोरीच्या आकाराचा पट्टा सुमारे ५,००० चौ.कि.मी. क्षेत्रावर पसरला आहे. सभोवतालचा प्रदेश पीटभूमीचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर साचलेल्या दलदलीचा आहे. हडसन आणि जेम्स उपसागरांलगतच्या या सखल प्रदेशात सुमारे ३० अब्ज टन कार्बन साठलेला असल्याचा अंदाज आहे. हा जगातील सर्वांत मोठ्या पीटभूमींपैकी एक गणला जातो.

परिसरात क्री, ओजी-क्री आणि ओजिब्वे समाजांच्या छोट्या वस्त्या आहेत. वेबेक्वी, मार्टेन फॉल्स, नेस्कांटागा आणि निबिनामिक या त्यांतील प्रमुख होत. तेथे पोहोचण्यासाठी विमान किंवा हिवाळ्यात गोठलेल्या भूमीवर व जलाशयांवर तयार केला जाणारा हिवाळी रस्ता हीच साधने आहेत. तापमानवाढीमुळे या रस्त्याचा हंगाम आखूड होत चालला असून इंधन, बांधकामसाहित्य आणि अन्नधान्य पोहोचविणे महाग पडते. नेस्कांटागा येथे पाणी उकळून पिण्याची सूचना १९९५ पासून लागू असून ती कॅनडातील सर्वाधिक काळ चाललेली अशी सूचना मानली जाते.

पूर्वपरंपरा

उत्तरेकडील खाणींसाठी शासनाने वाहतुकीची सोय करून देण्याची प्रथा कॅनडात जुनी आहे. पंतप्रधान जॉन डिफेनबेकर यांनी १९५८ च्या निवडणुकीत उत्तरेच्या विकासाचे स्वप्न मांडले आणि खनिजसंपत्तीकडे जाणाऱ्या रस्त्यांचा कार्यक्रम हाती घेतला. १९६० च्या दशकात नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील पाइन पॉइंट येथील शिसे व जस्ताच्या खाणीपर्यंत संघराज्याच्या साहाय्याने लोहमार्ग नेण्यात आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती खाण बंद पडली आणि तिच्याभोवती उभे राहिलेले गावही मोडण्यात आले. क्वेबेक प्रांतात २०११ साली प्रीमियर (प्रांतप्रमुख) झाँ शारे यांनी जाहीर केलेली ‘उत्तर योजना’ याच परंपरेतील होय.

शोध आणि पहिला टप्पा

हिऱ्यांच्या शोधमोहिमेत २००२ साली मॅकफॉल्ड्स सरोवराजवळ तांबे आणि जस्त आढळले. २००७ साली नोरॉन्टला ‘ईगल्स नेस्ट’ हा निकेल-तांब्याचा साठा सापडला आणि क्षेत्रात हक्कनोंदणीची धावपळ सुरू झाली. त्यानंतर क्रोमाइटचे मोठे साठे उघडकीस आले.

अमेरिकेतील क्लिफ्स नॅचरल रिसोर्सेस या कंपनीने २०१० मध्ये क्रोमाइटचे हक्क मिळविले आणि २०१२ मध्ये सडबरीजवळील कॅप्रिओल येथे प्रक्रिया-कारखान्याचा बेत जाहीर केला. मात्र वाहतुकीचा प्रश्न सुटला नाही. रस्त्यासाठी योग्य असलेल्या वालुकामय उंचवट्यावर केडब्ल्यूजी या दुसऱ्या कंपनीचे खनिजहक्क होते आणि तिला तेथे लोहमार्ग हवा होता. २०१३ मध्ये प्रांताच्या खाण व भूमी आयुक्तांचा निर्णय क्लिफ्सच्या विरोधात गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लिफ्सने काम थांबविले आणि २०१५ मध्ये आपले हक्क नोरॉन्टला विकले. खाजगी कंपनी स्वतःच्या बळावर हा प्रकल्प उभारू शकत नाही, असा निष्कर्ष अनेक राजकारण्यांनी यातून काढला. प्रकल्पच आर्थिकदृष्ट्या तकलादू आहे, असा अर्थ टीकाकारांनी लावला.

प्रांत आणि संघराज्य

कॅनडाच्या राज्यघटनेनुसार नैसर्गिक साधनसंपत्ती ही प्रामुख्याने प्रांतांच्या अखत्यारीत येते, तर मूलनिवासींसंबंधीचे विषय संघराज्याकडे आहेत. या विभागणीमुळे रस्त्याची जबाबदारी एकमेकांवर टाकणे दोन्ही सरकारांना शक्य झाले. २०१३ मध्ये संघराज्यातील कॉन्झर्व्हेटिव्ह मंत्री टोनी क्लेमेंट यांनी या साठ्यांची तुलना अल्बर्टातील तेलवाळूशी केली. परंतु निधीचे ठोस आश्वासन मिळाले नाही. २०१४ मध्ये लिबरल प्रीमियर कॅथलीन विन यांच्या सरकारने एक अब्ज कॅनेडियन डॉलर देऊ केले आणि संघराज्यानेही तेवढाच वाटा उचलावा अशी मागणी केली. संघराज्याने तो उचलला नाही.

२०१४ मध्येच मटावा परिषदेतील नऊ मूलनिवासी राष्ट्रांशी प्रांताने प्रादेशिक चौकट करार केला. वाटाघाटींत मूलनिवासींची बाजू बॉब रे यांनी, तर प्रांताची बाजू सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश फ्रँक याकोबुची यांनी मांडली. प्रगती संथ असल्याची तक्रार वाढत गेली. २०१८ च्या निवडणुकीपूर्वी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह नेते डग फोर्ड यांनी, गरज पडल्यास स्वतः बुलडोझरवर बसून रस्ता करू, असे जाहीर केले. सत्तेवर आल्यानंतर त्यांच्या सरकारने २०१९ मध्ये चौकट करार संपुष्टात आणला आणि स्वतंत्र समाजांशी करार करण्याचे धोरण स्वीकारले. २०२० मध्ये वेबेक्वी आणि मार्टेन फॉल्स यांच्याशी रस्त्यांविषयी करार झाला.

त्याच वर्षी संघराज्याने संपूर्ण प्रदेशाच्या एकत्रित पर्यावरणीय मूल्यमापनाची घोषणा केली. प्रांताने हा हस्तक्षेप मानला. २०२२ मध्ये संघराज्याने महत्त्वपूर्ण खनिजांसाठी सुमारे ३.८ अब्ज डॉलरची राष्ट्रीय तरतूद केली. मात्र रिंग ऑफ फायरच्या रस्त्याचा निम्मा खर्च देण्याचे आश्वासन त्यात नव्हते. २०२५ च्या निवडणूक प्रचारात कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पियेर पॉलिएव्ह यांनी रस्त्यासाठी एक अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले होते. त्यांच्या पक्षाला सत्ता मिळाली नाही.

समर्थकांचे युक्तिवाद

समर्थकांच्या मते रस्ता हा केवळ खाणीसाठी नसून शाळा, रुग्णालय आणि स्वस्त बाजारपेठ यांच्याशी वस्त्यांना जोडणारी सार्वजनिक सुविधा आहे. एवढा खर्च एका कंपनीवर टाकल्यास खाण होणारच नाही, असे ते म्हणतात. प्रारंभी क्रोमाइटपासून पोलाद-उद्योगाला होणाऱ्या लाभावर भर होता. २०२० नंतर विद्युत वाहनांच्या बॅटरीसाठी लागणारे निकेल पुढे आले आणि चीनवरील अवलंबित्व कमी करण्याचा मुद्दा जोडला गेला. २०२२ मध्ये नोरॉन्टचा ताबा ऑस्ट्रेलियातील वायलू कंपनीकडे गेला. २०२५ मध्ये अमेरिकेने लादलेल्या आयातशुल्कानंतर आर्थिक स्वावलंबनाचा युक्तिवाद प्रबळ झाला.

आक्षेप

पहिला आक्षेप आकडेमोडीवर आहे. साठ्यांचे मूल्य ६० अब्ज डॉलरपासून एक लाख कोटी डॉलरपर्यंत सांगितले गेले. परंतु जमिनीतील खनिजाची अंदाजित किंमत म्हणजे उत्पन्न नव्हे, असे टीकाकार दाखवून देतात. ईगल्स नेस्टच्या २०१२ च्या व्यवहार्यता अहवालात खाणीचे आयुष्य सुमारे ११ वर्षे धरले होते. रस्त्याची देखभाल मात्र त्यानंतरही करावी लागेल.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा आहे. पीटभूमीचा निचरा झाल्यास साठलेला कार्बन वातावरणात जातो. एका रस्त्यामागून अनेक खाणी येतात. म्हणून प्रत्येक रस्त्याचे सुटे मूल्यमापन अपुरे ठरते, असे पर्यावरणवादी म्हणतात.

तिसरा आक्षेप लाभाच्या वाटपाचा आहे. डी बिअर्स कंपनीची व्हिक्टर हिरेखाण २००८ ते २०१९ या काळात जवळच्या अटावापिस्काट समाजाच्या प्रदेशात चालली. ती चालू असतानाच, २०११ मध्ये, तेथील घरटंचाईमुळे समाजाला आणीबाणी जाहीर करावी लागली.

मूलनिवासींची भूमिका

मूलनिवासी समाजांचे या प्रश्नावर एकमत नाही. वेबेक्वी आणि मार्टेन फॉल्स यांनी रस्त्यांच्या पर्यावरणीय मूल्यमापनाचे नेतृत्व स्वतःकडे घेतले. नेस्कांटागा, अटावापिस्काट आणि फोर्ट अल्बनी यांनी २०२१ मध्ये विकासकामांना स्थगिती जाहीर केली. शेजारच्या समाजाने दिलेली संमती आपल्यावर बंधनकारक नाही, कारण नद्या आणि शिकारीचे प्रदेश सामाईक आहेत, असे विरोधकांचे म्हणणे आहे.

हा प्रदेश १९०५-०६ च्या आणि १९२९-३० मध्ये विस्तारित झालेल्या तह क्रमांक ९ खाली येतो. तहाच्या लिखित मजकुरानुसार भूमी सरकारला सोपविण्यात आली. पूर्वजांनी केवळ भूमीच्या सहवापराला मान्यता दिली होती, असे मूलनिवासी सांगतात. २०२३ मध्ये दहा राष्ट्रांनी या तहासंबंधी प्रांत आणि संघराज्य यांच्यावर दावा दाखल केला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या हैदा निर्णयानुसार मूलनिवासींच्या हक्कांवर परिणाम होण्याची शक्यता असल्यास सल्लामसलत करणे सरकारवर बंधनकारक आहे. पण त्यातून नकाराधिकार मिळत नाही.

२०२५ चे कायदे

जून २०२५ मध्ये ऑन्टारियोच्या विधिमंडळाने ‘विधेयक ५’ संमत केले. त्यानुसार मंत्रिमंडळाला विशेष आर्थिक क्षेत्रे घोषित करून तेथील निवडक प्रकल्पांना प्रांतिक कायद्यांतून सूट देता येते. रिंग ऑफ फायरला असे क्षेत्र घोषित करण्याचा इरादा सरकारने व्यक्त केला. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे मूलनिवासी आमदार सोल ममाक्वा यांनी विधेयकाला तीव्र विरोध केला. याच सुमारास प्रीमियर फोर्ड यांनी मूलनिवासी नेते सतत सरकारकडे हात पसरतात अशा आशयाचे विधान केले आणि टीकेनंतर क्षमा मागितली. सरकारने मूलनिवासींना प्रकल्पांत भागीदारी घेता यावी म्हणून कर्जहमीची मर्यादा तीन अब्ज डॉलरपर्यंत वाढविली.

त्याच महिन्यात पंतप्रधान मार्क कार्नी यांच्या सरकारने राष्ट्रहिताच्या प्रकल्पांना जलद मंजुरी देणारा ‘विधेयक सी-५’ हा कायदा केला. जुलै २०२५ मध्ये नऊ मूलनिवासी राष्ट्रांनी दोन्ही कायद्यांच्या घटनात्मकतेला न्यायालयात आव्हान दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रांताने वेबेक्वीशी रस्त्याबाबत पुढील करार केला.

वादाचे स्वरूप

पक्ष आणि सरकारे बदलली, तरी वादाचे सूत्र कायम राहिले आहे. रस्ता कोणासाठी, या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचा खर्च कोणी करावा हे ठरते. तो खाणीसाठी असेल, तर सार्वजनिक निधी हे उद्योगाला दिलेले अनुदान ठरते. तो वस्त्यांसाठी असेल, तर खाणीच्या मान्यतेची वाट न पाहता तो बांधता आला असता, असा प्रश्न विरोधक विचारतात. रस्ता बांधून झाल्यावर घेतलेल्या संमतीला कितपत अर्थ उरतो, हा त्यातील सर्वांत कळीचा मुद्दा होय.