चालत्या कर्नेलला विचारताना

लिनक्सचा कर्नेल ज्या रूपात आपल्यासमोर चालतो, ते रूप कोणीतरी आधी केलेल्या हजारो निवडींचा परिपाक असते. कोणती फाइल सिस्टम थेट कर्नेलमध्ये घ्यायची, कोणता ड्रायव्हर गरजेपुरता मॉड्यूल म्हणून ठेवायचा, काय वगळायचे, हे सगळे बांधणीच्या वेळीच ठरते. त्या निवडी वाचायला शिकणे हे कर्नेलच्या अभ्यासाचे सर्वांत मोकळे दार आहे, असे मला वाटते. सी भाषा पक्की येत नसली तरी या दारातून खुशाल आत यावे.

पहिला प्रश्न चालत्या कर्नेललाच विचारावा. बांधणाऱ्याने 'आयकेकॉन्फिग' आणि त्याला जोडलेला 'प्रॉक'चा पर्याय चालू ठेवला असेल, तर कर्नेल आपली सेटिंग्ज दाबून स्वतःच्या पोटात बाळगतो आणि 'प्रॉक' या फोल्डरमधल्या 'कॉन्फिग.जीझेड' या फाइलीतून दाखवतो. तिच्यावर 'झेडकॅट' ही आज्ञा चालवली की यादी समोर येते. कधी हा भाग मॉड्यूल म्हणून बांधलेला असतो. मग 'कॉन्फिग्ज' नावाचे मॉड्यूल चढवल्यावरच फाइल प्रकट होते.

ती मिळाली नाही, तर डेबियनसारखी वितरणे 'बूट' फोल्डरमध्ये कर्नेलच्या आवृत्तीच्या नावाने प्रत ठेवतात. 'यूनेम' या आज्ञेला आवृत्ती विचारून ती शोधावी. ही प्रत कामाची खरी, पण ती कर्नेलच्या बाहेर राहते. कोणी त्याच नावाने कर्नेल पुन्हा बांधला, तर दोघांत तफावत पडू शकते. म्हणून माझा कौल 'प्रॉक'ला.

यादी वाचताना नवख्याने एका ओळीपाशी थांबावे. 'वाय' म्हणजे कर्नेलमध्येच, 'एम' म्हणजे मॉड्यूल. न घेतलेला पर्याय मात्र हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या, 'इज नॉट सेट' असे सांगणाऱ्या ओळीत असतो. ती दिसते टिपणीसारखी, तरी बांधणीचे साधन तिला 'नाही' हे उत्तर म्हणून वाचते. अशा ओळी गाळून यादी पाहिली, तर मुद्दाम दिलेले नकार नजरेतून सुटतात.

बांधणीची यादी हातात आली तरी चालत्या यंत्रणेचे चित्र पुरे होत नाही. स्पेक्टर आणि मेल्टडाउन या २०१८ साली उघड झालेल्या प्रोसेसरच्या उणिवांचेच पाहा. त्यांच्यावरचे उपाय कर्नेलमध्ये बांधलेले असूनही बूटच्या वेळी 'मिटिगेशन्स=ऑफ' दिले, तर ते बंद राहतात. ही सूचना 'प्रॉक'मधल्या 'सीएमडीलाइन'मध्ये दिसते. त्या घटकेची प्रत्यक्ष स्थिती मात्र 'सिस' फोल्डरखाली, सीपीयूच्या 'व्हल्नरेबिलिटीज' या फोल्डरमध्ये, एकेका उणिवेच्या नावाच्या फाइलीत वाचायला मिळते.