सार्वमत : एक शेजारचा धडा



देशाचे मोठे निर्णय थेट जनतेला विचारून घ्यावेत काय, हा प्रश्न अधूनमधून निघतो. आपल्या राज्यघटनेत अशा सार्वमताची सर्वसाधारण तरतूद नाही. तरीही सार्वमत म्हणजे काय, हे पाहण्यास दूर स्वित्झर्लंडला जावयास नको. तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यात ते घडले आहे.

१९६१ साली गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला. १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीन होऊ इच्छिणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. हाच विलीनीकरणाचा कौल, असे त्या पक्षाने मानले. विरोधकांनी ते मानले नाही. अखेर संसदेने १९६६ साली कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणास फूल व संघप्रदेशास दोन पाने, अशी चिन्हे होती. अक्षरओळख नसलेल्यालाही प्रश्न कळावा, अशी ती सोय. विलीनीकरणास १,३८,१७० व संघप्रदेशास १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी प्रश्न मिटला.

यापुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्याच वर्षीच्या निवडणुकीत गोवेकरांनी बांदोडकरांनाच पुन्हा सत्तेवर बसविले! राज्य कोणी चालवावे आणि आपण कोठे राहावे, हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे मतदाराने दाखवून दिले. निवडणूक जिंकणे म्हणजे प्रत्येक प्रश्नावर होकार मिळविणे नव्हे.

याउलट सिक्कीम पाहा. तेथे विधानसभेच्या ठरावानंतर अवघ्या चार दिवसांत, १४ एप्रिल १९७५ रोजी, मतदान झाले. आणि राजेशाही रद्द करणे व भारतात सामील होणे या दोन गोष्टी एकाच प्रश्नात बांधलेल्या होत्या. एक हवी आणि दुसरी नको, असे म्हणणाऱ्याने काय करावे?

म्हणून मला वाटते की, ज्या निर्णयाने लोकांचे राजकीय घरच बदलते व जो सहजी मागे घेता येत नाही, तेथे लोकांना अवश्य विचारावे. परंतु प्रश्न एकच व स्पष्ट असावा, विचारास वेळ मिळावा आणि सत्ताधाऱ्याने बाजूस व्हावे.

मात्र काही गोष्टी मतपेटीत टाकूच नयेत. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क घटनेच्या ३० व्या कलमाने दिला आहे. असे हक्क ज्यांची संख्या थोडी त्यांच्यासाठीच असतात. त्यांचा निकाल संख्येने लावला तर ते हक्क उरतीलच कसे? ही आपली संस्थाही त्याच कलमाच्या छायेत उभी आहे.

फूल आणि दोन पाने पाहून मत देता येते. पण त्यामागचा प्रश्न समजावयास शाळाच लागते. आपल्या मुलांना, आणि विशेषतः मुलींना, तेवढे शिकवू या. मग कौल कोणताही लागो, तो विचारपूर्वक दिलेला असेल.