शहर वसवणाऱ्यांच्या कबरी

शुक्रवारी तलावाच्या, म्हणजे गांधीसागरच्या काठाने आपण नागपूरकर रोज जातो. तो कोणी बांधला, हे किती जणांना ठाऊक असतं?

भोसल्यांच्या आधी इथे देवगडचे गोंड राजे होते. बख्त बुलंद शाहने 1702च्या सुमारास बारा वस्त्या जोडून नागपूर वसवलं. दूरदूरचे कास्तकार, कारागीर, व्यापारी इथे आणले. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. मुलगा चांद सुलतानने शहराला कोट घातला आणि पाणी अडवून हा तलाव केला.

बख्त बुलंदने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला, पण सोयरीक गोंडांशीच ठेवली. त्यामुळे गोंड राजांच्या कबरींपाशी उभा राहिलो, की फातिहा पढू की जोहार करू, असं मला होतं. मी दोन्ही करतो.

या कबरी नीट राखायला हव्यात. जुन्या चुन्यावर सिमेंट थापू नये, ओल आत कोंडते. मुळं ओढून काढू नयेत, दगड निखळतात. शेवटी एक पाटी लावावी, मराठीत, गोंडीत आणि उर्दूत: हे शहर ज्यांनी वसवलं, ते इथे झोपले आहेत. लोकार्पणाला मंत्री आले नाहीत तरी चालेल. शाळेतली पोरं मात्र यावीत.