सिंधूतीरावरचा माणूस आणि यामागुचीचे पूर्वज : ख्रिस्तपूर्वांच्या गतीचा प्रश्न

दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या अखेरच्या खंडात, ‘पारादिसो’च्या एकोणिसाव्या सर्गात, एक भारतीय माणूस येतो. त्याला नाव नाही आणि चेहराही नाही. तो सिंधू नदीच्या तीरावर जन्मला आहे. ख्रिस्ताविषयी बोलणारा, वाचून दाखवणारा वा लिहिणारा कोणीही तिथे नाही. मानवी बुद्धीला दिसू शकते तेवढ्यावरून पाहता त्याच्या इच्छा व कृती निर्दोष आहेत, आणि तो बाप्तिस्म्यावाचून मरतो. त्याला दोषी ठरवणारा न्याय कोणता? दान्तेच्या मनात दीर्घकाळ भुकेसारखा राहिलेला हा प्रश्न न्यायी राजांच्या आत्म्यांनी घडवलेला गरुड स्वतःच्या मुखाने मांडतो. सिंधूतीर येथे भूगोल म्हणून येत नाही. दान्तेला ज्ञात असलेल्या जगाचा तो पूर्वेकडचा शेवट आहे. तरीही युरोपच्या या महाकाव्यात ईश्वरी न्यायाची सर्वांत कठीण कसोटी एका भारतीयाच्या निमित्ताने लागते, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

ख्रिस्तापूर्वी, किंवा ख्रिस्ताची वार्ता पोहोचण्यापूर्वी, जगून गेलेल्यांची मरणोत्तर गती कोणती, या प्रश्नाचा इतिहास सामान्यतः धर्मशास्त्राचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु साहित्यकृती, संतचरित्रे आणि पत्रे एकत्र ठेवून वाचली तर या एका प्रश्नाखाली दोन वेगळे प्रश्न दडलेले दिसतात. एक न्यायाचा : ज्याने ऐकलेच नाही त्याला शिक्षा कशी? दुसरा नात्याचा : माझी माणसे कुठे आहेत, आणि मी त्यांच्यासाठी काय करू शकतो? सिद्धान्तकारांनी पहिल्या प्रश्नाला पुष्कळ उत्तरे दिली. दुसऱ्याची वाट बव्हंशी कथेने चालवली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिला प्रश्न मुळात विरोधकांचा. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने देओग्रातिआस या धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात (क्रमांक १०२) पोर्फिरीच्या नावावर चालणारा एक आक्षेप नोंदला आहे. ख्रिस्त हाच जर तारणाचा मार्ग असेल, तर इतकी शतके तो लपून का राहिला? त्यापूर्वीच्या असंख्य रोमन आत्म्यांचे काय झाले? ऑगस्टीनचे उत्तर दुपेडी आहे. तारण कोणत्याही काळी अनुपस्थित नव्हते, ते वेगवेगळ्या नावांनी व चिन्हांनी प्रकट होत होते, हा त्याचा एक पेड. जिथे आणि जेव्हा विश्वास ठेवणारे असतील हे ख्रिस्ताला ठाऊक होते तिथे आणि तेव्हाच तो प्रकट झाला, हा दुसरा. या दुसऱ्या पेडाची अडचण पुढे त्याला स्वतःलाच जाणवली. माणसाचा भावी विश्वास पाहून कृपा दिली जाते, असा त्याचा अर्थ निघत होता, आणि उत्तरायुष्यातील ऑगस्टीनला तो मुळीच मान्य होण्यासारखा नव्हता. आयुष्याच्या अखेरीस पूर्वनियोजनावर लिहिताना त्याला हे जुने उत्तर पुन्हा हाती घेऊन दुरुस्त करावे लागले.

ऑगस्टीनपूर्वीची पिढी अधिक उदार होती. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिनने लिहिले, की ‘लोगोस’ला म्हणजे विवेकतत्त्वाला अनुसरून जगलेले सॉक्रेटिस व हेराक्लायटस हे निरीश्वरवादी म्हणवले गेले तरी ख्रिस्तीच होत. अलेक्झांड्रियाच्या क्लेमंटच्या मते यहुद्यांना जसे नियमशास्त्र तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान, दोन्ही ख्रिस्ताकडे नेणारे शिक्षक. त्याने आणखी पुढे जाऊन म्हटले, की अधोलोकात सुवार्ता सांगितली गेली ती केवळ यहुदी पूर्वजांना नव्हे, तर सत्प्रवृत्त अन्यधर्मीयांनाही.

अधोलोकातील या प्रवचनाला आधार होता पेत्राच्या पहिल्या पत्रातील दोन दुर्बोध वचनांचा. ख्रिस्ताने ‘बंदिवासातील आत्म्यांना’ घोषणा केली असे तिथे म्हटले आहे, पण हे आत्मे नोहाच्या काळातील अवज्ञा करणारे आहेत. प्रेषितांच्या मतांगीकारात अधोलोकावतरणाचे एक छोटे कलम आहे. निकायेच्या मतांगीकारात ते नाही. एवढ्या अपुऱ्या साधनांवर लोककल्पनेने जे उभारले त्याला तोड नाही. ‘निकदेमाचे शुभवर्तमान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अप्रमाण ग्रंथाच्या उत्तरार्धात सैतान आणि अधोलोक यांचे नाट्यपूर्ण संभाषण आहे. द्वारे मोडतात, अंधारात प्रकाश शिरतो आणि आदामाला हात धरून बाहेर काढले जाते. मध्ययुगीन युरोपातील धार्मिक नाटकांनी व चित्रांनी हे दृश्य मनसोक्त वापरले. परंतु एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. या मिरवणुकीत आदाम, दावीद, यशया आहेत, सॉक्रेटिस नाही. अधोलोकाची द्वारे उघडली ती इस्राएलाच्या पूर्वजांसाठी. एवोदियस या मित्राने विचारले तेव्हा ऑगस्टीननेही पत्र क्रमांक १६४ मध्ये मोठ्या सावधपणे उत्तर दिले. ज्या प्राचीन कवींची व वक्त्यांची वाणी आपण वाखाणतो ते तरी सुटले असावेत असे आपल्याला वाटते, पण आपली आवड म्हणजे ईश्वराचा निवाडा नव्हे, असा त्या पत्राचा रोख आहे. बालपणी डिडोच्या मरणावर रडलेल्या वाचकाने हे लिहिले आहे, हे विसरता येत नाही.

सिद्धान्ताने लावलेले हे दार एका आख्यायिकेने किलकिले केले. आठव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील व्हिटबीच्या मठात कोणा अनामिकाने पोप ग्रेगरीचे (कारकीर्द ५९० ते ६०४) चरित्र लिहिले. त्यात अशी कथा येते. मोहिमेवर निघालेल्या सम्राट ट्रेजनला एका विधवेने अडवले. तिच्या मुलाच्या मारेकऱ्यांचा न्याय करूनच पुढे जा, असे ती म्हणाली. तो थांबला आणि त्याने न्याय केला. पाच शतकांनी ट्रेजनच्या चौकातून जाताना ग्रेगरीला या कृत्याचे स्मरण झाले, आणि संत पेत्राच्या मंदिरात जाऊन तो रडला. त्या अश्रूंनी ट्रेजनचा बाप्तिस्मा झाला. गंमत अशी, की ऐतिहासिक ग्रेगरीचे मत नेमके उलट होते. ख्रिस्ताने अधोलोकातून सर्वांना सोडवले असे म्हणणाऱ्या कॉन्स्टँटिनोपलच्या दोन धर्मसेवकांना त्याने पत्र लिहून फटकारले होते. ज्याने दार लावले त्याच्याच हाती कथेने किल्ली दिली.

पुढच्या ग्रंथकारांची तारांबळ वाचण्यासारखी आहे. नवव्या शतकात ग्रेगरीचे चरित्र लिहिणारा जॉन डीकन म्हणतो, की ग्रेगरीने प्रार्थना केली असे कुठे म्हटले आहे? तो फक्त रडला. आणि ट्रेजन नरकयातनांतून सुटला म्हणजे स्वर्गात गेला असे थोडेच? तेराव्या शतकातील ‘सुवर्ण आख्यायिका’ या संग्रहाने मतांची यादीच दिली. थॉमस अक्वायनसच्या परंपरेने तोड काढली : ट्रेजनला काही काळ पुन्हा जिवंत केले गेले, त्याने विश्वास धरला आणि मग तो मेला. नियम मोडू नये म्हणून मेलेल्या माणसाला उठवावे लागले! आख्यायिका नाकारणे मात्र यांपैकी कोणालाच जमले नाही. चौदाव्या शतकातील इंग्रजी ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये तर ट्रेजन स्वतःच नरकातून सुटून येतो आणि आपण पोपच्या प्रार्थनेने नव्हे, तर आपल्या सचोटीने तरलो असे ठणकावतो.

दान्तेने ट्रेजनला घेतले ते अक्वायनसच्या तोडीसह. परंतु त्याचे खरे धाडस दोन ठिकाणी दिसते. धर्मशास्त्रज्ञांच्या हिशोबी पूर्वजांचा लिम्बो ख्रिस्ताच्या अवतरणानंतर रिकामा झालेला होता आणि बाप्तिस्म्यावाचून गेलेली अर्भके तेवढी दुसऱ्या लिम्बोत होती. दान्तेने तिथे सात तटांचा किल्ला बांधला आणि होमर, ऑरिस्टॉटल, व्हर्जिल यांच्याबरोबर इब्न सिना, इब्न रुश्द आणि सलादीन यांनाही वसवले. तिथे यातना नाहीत, उसासे आहेत. इच्छा आहे, आशा नाही. दुसरे धाडस विसाव्या सर्गात. गरुडाच्या भुवईत ट्रेजनबरोबर रिफेउस चमकतो. हा व्हर्जिलच्या ‘ईनिड’मधील ट्रॉयचा एक योद्धा, ज्याचे अस्तित्व काही ओळींपुरते. ट्रॉयमधील सर्वांत न्यायी, एवढेच त्याच्याविषयी कळते आणि तो पडतो. दान्ते सांगतो, की बाप्तिस्मा जगात येण्यापूर्वी हजाराहून अधिक वर्षे श्रद्धा, आशा व प्रीती यांनीच त्याचा बाप्तिस्मा केला. म्हणजे व्हर्जिलने निर्माण केलेले दुय्यम पात्र स्वर्गात आणि स्वतः व्हर्जिल लिम्बोत! याला कोणी कृपेच्या अगम्यतेचे उदाहरण म्हणेल. मला त्यात कवीची वेदना अधिक दिसते. गुरूला वाचवण्याची मुभा नसलेल्या शिष्याने गुरूच्या एका ओळीला वाचवले आहे.

सिंधूतीरावरच्या माणसाला मात्र गरुड थेट उत्तर देत नाही. मानवी दृष्टी उथळ आहे असे तो बजावतो, आणि लगेच पुस्ती जोडतो की न्यायाच्या दिवशी ख्रिस्ताचा धावा करणारे कित्येक जण, त्याला न ओळखणाऱ्यापेक्षाही त्याच्यापासून दूर असतील.

आता दुसरा प्रश्न. फ्रिसियनांचा राजा राडबोड (मृत्यू ७१९) याच्याविषयी संत वुल्फ्रामच्या चरित्रात एक कथा आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडात एक पाय टाकलेला असताना त्याने विचारले, माझे पूर्वज कुठे आहेत? नरकात, असे उत्तर मिळताच त्याने पाय मागे घेतला. मोजक्या लोकांबरोबर स्वर्गात राहण्यापेक्षा आपल्यांची संगत त्याला बरी वाटली. भारतीय वाचकाला येथे महाभारताचे स्वर्गारोहणपर्व आठवल्यावाचून राहणार नाही. दुर्योधन स्वर्गात आणि भाऊ नरकात पाहून युधिष्ठिरानेही हेच म्हटले होते : जिथे ते, तिथे मी. दोन्ही कथांचा गाभा एक, पण निवाडा उलट. चरित्रकाराच्या लेखी राडबोडची निष्ठा हा हट्ट, सैतानाचा फास. महाभारतात तीच निष्ठा ही उत्तीर्ण झालेली परीक्षा.

फ्रान्सिस झेवियरला हाच प्रश्न विचारला तो राजाने नव्हे, सामान्य माणसांनी. १५ ऑगस्ट १५४९ रोजी तो कागोशिमाला उतरला. १५५१ मध्ये यामागुचीत त्याला अनेक अनुयायी मिळाले. २९ जानेवारी १५५२ रोजी कोचीहून युरोपातील सहकाऱ्यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात तो दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. बाप्तिस्म्यापूर्वी यामागुचीच्या लोकांना मोठी शंका होती : ईश्वर दयाळू असेल तर तुम्ही येईपर्यंत त्याने आम्हांला काहीच का कळवले नाही? पोर्फिरीचाच आक्षेप, त्याचे नाव न ऐकलेल्यांकडून. यावर झेवियरने युक्तिवाद केला, की चीनमधून धर्मशास्त्रे येण्यापूर्वीही जपान्यांना हत्या व चोरी वाईट हे कळत होते. रानात एकटा वाढलेला माणूसही ते जाणेल. ईश्वराचा नियम हृदयातच लिहिलेला आहे. त्याच्या सांगण्यानुसार या उत्तराने शंकेचे समाधान झाले.

दुसऱ्या गोष्टीचे समाधान झाले नाही. बाप्तिस्मा घेतलेले लोक आईवडील, बायकामुले आणि मृत आप्त यांच्यासाठी रडत. प्रार्थनेने, दानधर्माने त्यांना काही मदत होईल का, असे ते विचारत. नरकातून सुटका नाही, हेच उत्तर झेवियरला द्यावे लागे. आपल्या प्रिय माणसांना असे रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते, असे तो लिहितो. तिथले बौद्ध भिक्षू तर नरकातून मृतांना सोडवण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे असे सांगत. झेवियरने ती फसवणूक मानली. पण ती सोय नाहीशी झाली तेव्हा नवख्रिस्ती माणसाच्या हाती काय उरले, हा प्रश्न त्याच्या पत्रातील त्या वाक्यात उघडाच राहतो. आदिपर्वातील जरत्कारूला आपले पितर खड्ड्यात उलटे टांगलेले दिसतात, आणि त्यांच्या सुटकेचा उपाय त्याच्या हाती असतो. साठ हजार सगरपुत्रांसाठी भगीरथ गंगा आणतो. ज्या समाजांत जिवंतांचे मृतांवर ऋण आणि अधिकार दोन्ही आहेत, तिथे ‘उपाय नाही’ हे शब्द नरकाच्या वर्णनाहून भयंकर ठरतात.

ज्या गोव्यात झेवियरचा देह १५५४ मध्ये आणला गेला, त्याच गोव्यात सासष्टीच्या थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले. मराठी अभ्यासक त्याकडे भाषेसाठी वळतात, ते योग्यच आहे. परंतु पुराणाची चौकट निवडताना सृष्टीच्या उत्पत्तीपासून आरंभ करणे क्रमप्राप्त होते, आणि ‘पहिल्या पुराणा’चे ३६ अवस्वर ख्रिस्तपूर्व काळाला मिळाले. नव्याने आलेला धर्म अशा रीतीने अनादी कथेत रुजतो. ऑगस्टीनने जे पत्रात युक्तिवादाने केले, ते येथे ग्रंथरचनेनेच साधले आहे.

एकोणिसाव्या शतकात वाद संस्कृतात गेला. जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षा’ (१८३९) या ग्रंथाला सुबाजी बापूंनी त्याच वर्षी, हरचंद्र तर्कपंचाननांनी १८४० मध्ये आणि काशीच्या मराठी कुटुंबातील नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४४-४५ मध्ये उत्तरे दिली. जन्मतः दिसणाऱ्या विषमतेचा आणि ईश्वराच्या न्यायाचा मुद्दा या वादाच्या केंद्राजवळ होता. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांना तो सोडवण्याची सोय होती, एकाच जन्माच्या हिशोबात ती नव्हती. १८४८ मध्ये गोरे स्वतः ख्रिस्ती झाले. अनंत शिक्षेच्या सिद्धान्तावरील आक्षेपांना उत्तर देण्याचे काम पुढे त्यांच्याच वाट्याला आले.

कॅथलिक चर्चने पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९६४ मध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेत दिले. ‘लुमेन जेन्सिउम’च्या सोळाव्या कलमानुसार, स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताला न ओळखणारे पण प्रामाणिकपणे ईश्वराचा शोध घेणारे तारण पावू शकतात. सिंधूतीरावरचा माणूस या कलमात बसतो. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने अर्भकांच्या लिम्बोचाही आग्रह सैल केला. यामागुचीकरांच्या प्रश्नाला उत्तर आले ते मात्र रोमहून नव्हे. १९८५ मध्ये जपानच्या कॅथलिक चर्चने पूर्वज आणि मृत यांच्यासंबंधी आपल्या अनुयायांसाठी एक मार्गदर्शिका काढली. घरातल्या बौद्ध देव्हाऱ्यापुढे, ख्रिस्ती न झालेल्या आजोबा-पणजोबांसाठी ख्रिस्ती माणसाने प्रार्थना करायला हरकत नाही, असे तिच्यात सांगितले आहे.