दोष कोणाचा?

मनुष्य भ्रमिष्ट झाला, की दोषी शोधण्याची आपणांस घाई होते. १९१८ च्या साथीत इन्फ्लुएन्झाबरोबर भ्रम झालेल्या बॉस्टनमधील रुग्णांचा वृत्तांत कार्ल मेनिंजर यांनी १९१९ साली प्रसिद्ध केला. बोट शरीराकडे होते. तरीही १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी स्किझोफ्रेनियाचे मूळ आईच्या वागण्यात पाहिले. २०१६ साली बॉस्टनच्याच संशोधकांना सुमारे ६५,००० माणसांच्या तपासणीत ‘सी-४’ जनुकाचा या रोगाशी संबंध आढळला. त्याचे प्रथिन उपजत प्रतिकारशक्तीचे. ते जंतूंवर खूण करते, तशी मेंदूतील जोडण्यांवरही. मग रक्षक पेशी त्या खुडतात. खुडणी अती होत असावी, हे अनुमान, सिद्धान्त नव्हे. पण रक्षकच घर मोडत असेल, तर त्या आईची क्षमा आपण केव्हा मागणार?