दोन विष्णुशास्त्री आणि जुने ग्रंथ

सनातनी तो जुन्या पोथ्या जपणारा आणि सुधारक तो त्या टाकून देणारा, अशी आपली एक सोयीची समजूत असते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातील महाराष्ट्राकडे पाहिले तर ती टिकत नाही. त्यासाठी दोन विष्णुशास्त्री जवळजवळ ठेवून पाहावेत.

पहिले विष्णु परशुरामशास्त्री पंडित. हे विधवांच्या पुनर्विवाहाचे कट्टर पुरस्कर्ते. ईश्वरचंद्र विद्यासागरांचा या विषयावरील ग्रंथ त्यांनी १८६५ साली मराठीत आणला. त्या ग्रंथाचा मुख्य आधार कोणता? पराशरस्मृती! १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे या प्रश्नावर मोठा वाद झाला. तेथे दोन्ही पक्ष धर्मशास्त्राचीच वचने काढून भांडत होते. निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला; पण विष्णुशास्त्री हटले नाहीत, आणि १८७४ साली त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला.

आता याच गृहस्थांचे दुसरे काम पाहा. मुंबई सरकारने २४,००० रुपयांचे साहाय्य दिले, आणि शंकर पांडुरंग पंडितांच्या सहकार्याने विष्णुशास्त्र्यांनी तुकारामांच्या अभंगांची गाथा संपादित केली. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते पडताळून सुमारे साडेचार हजार अभंग इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत बाहेर पडले. ज्याला लोक धर्मबुडवा म्हणत होते, तोच वारकऱ्यांचे धन पाठभेदांसह सांभाळून ठेवीत होता.

दुसरे विष्णुशास्त्री चिपळूणकर. स्वधर्म, स्वभाषा आणि स्वदेश यांचा अभिमान जागा करण्यासाठी त्यांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. सुधारकांवर त्यांनी कठोर टीका केली. परंतु त्यांच्या हातातील शस्त्र कोणते होते? इंग्रजी वाचनातून घडलेला निबंध! जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर करणारी ही लेखणी होती. १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' काढून जुन्या कविता व ऐतिहासिक कागद प्रसिद्ध करण्याच्या उद्योगातही ते होते. म्हणजे परंपरेच्या या कैवाऱ्यानेही परंपरेची राखण केली ती मासिक आणि छापखाना या नव्या साधनांनी.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. चिपळूणकरांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाची थट्टा केली. त्याच जोतीरावांनी आपले 'अखंड' अभंगाच्याच वळणावर रचले होते. तुकारामांचा वारसा त्यांच्याकडेही आलेला होता. पण परंपरेचे वारस कोण हे आपणच ठरविणार, अशा वृत्तीला तो दिसला नाही. अभिमानाची ही मर्यादा आपण विसरू नये.

या तिघांची मते एकमेकांशी जुळत नव्हती, आणि ती जुळवून दाखविण्याचा खटाटोपही आपण करू नये. परंतु जुने शब्द तिघांनाही जिवंत वाटत होते, म्हणून ते त्यांच्याशी झगडले, त्यांचा आधार घेतला, त्यांतून नवे रचले. गाथा तुकारामांच्या त्रिशतसांवत्सरिक पुण्यतिथीला, १९५० साली, सरकारने पुन्हा छापली. तिचे पहिले पान उलगडताना संपादकाचे नावही वाचावे. एखाद्याचे मत पटले नाही म्हणून त्याला परंपरेबाहेर घालविण्याची घाई झाली, तर ते नाव आठवावे.